दिवेलागणीचं घर : तैलरंगात कॉटेजचं निसर्गचित्र कसं रंगवावं

गवती छपराचं दगडी घर, दारापर्यंत वळत गेलेली पायवाट, धुराड्यातून निघणारा धूर आणि खिडक्यांत पिवळा उजेड. असं चित्र तुम्ही कॅलेंडरवर, भेटकार्डावर किंवा जिगसॉ पझलच्या खोक्यावर नक्की पाहिलं असेल. या वळणाच्या चित्रांना जगभर पोहोचवणारा चित्रकार म्हणजे थॉमस किंकेड (१९५८-२०१२). तो कॅलिफोर्नियातल्या प्लेसरव्हिल या छोट्या गावात वाढला. तरुणपणी त्याने ॲनिमेशनपटासाठी पार्श्वचित्रं रंगवली, पुढे ख्रिस्ती श्रद्धा हाच आपल्या चित्रांचा पाया असल्याचं उघडपणे सांगितलं आणि सहीजवळ बायबलमधल्या योहान ३:१६ या वचनाचा संदर्भ लिहायला सुरुवात केली. पत्नी नॅनेटसाठी तो चित्रात इंग्रजी ‘एन’ हे अक्षर लपवायचा. त्याच्या चित्रांच्या प्रती मॉलमधल्या दालनांतून प्रचंड खपल्या आणि समीक्षकांनी त्यांना गोडगोड म्हणून झोडपलंही.

मला ही चित्रं मनापासून आवडतात. शिकणाऱ्यासाठी तर ती फार मोलाची आहेत, कारण उजेड कॅनव्हासवर कसा उभा राहतो हे इतक्या सरळ रीतीने दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतं. खिडकीतला उजेड पिवळ्या रंगातून येत नाही. ट्यूबमधला सगळ्यात झगझगीत पिवळा पांढऱ्या कॅनव्हासवर लावून बघा, नुसता पिवळा डाग दिसेल. तोच रंग गडद जांभळट तपकिरी भिंतीच्या मधोमध लावा, तो पेटतो. म्हणजे खरं काम खिडकीच्या बाहेर करायचं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हे एक सूत्र धरून चला.

ही परंपरा किंकेडपासून सुरू झालेली नाही. इंग्लंडमध्ये सॅम्युएल पामरने (१८०५-१८८१) विशी-पंचविशीत, केंट परगण्यातल्या शोरहॅम खेड्यात राहून गवती छपरं, पिकलेली शेतं, भलामोठा चंद्र आणि टेकड्यांच्या कुशीतलं चर्च असं एक भारलेलं जग रंगवलं. लंडनच्या टेट संग्रहातलं ‘कमिंग फ्रॉम इव्हिनिंग चर्च’ (१८३०) हे त्यातलं माझं सर्वात लाडकं चित्र. अमेरिकेत टॉमस कोल आणि फ्रेडरिक चर्च या हडसन रिव्हर शैलीच्या चित्रकारांनी संधिप्रकाशाला जवळजवळ प्रार्थनेची जागा दिली. इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या खेड्यांतली कॉटेजं जलरंगात टिपणाऱ्या हेलन ॲलिंगहॅमकडून (१८४८-१९२६) घराचे बारकावे शिकावेत. ब्रश हातात घेण्यापूर्वी या सगळ्यांची चित्रं इंटरनेटवर मोठी करून नीट पाहा. पाहताना एकच प्रश्न विचारा : या चित्रात सगळ्यात उजळ जागा कोणती, आणि तिला लागून काय आहे?

आधी वचन, मग चित्र

श्रद्धेची भावना चित्रात शेवटी चिकटवता येत नाही. छान घर रंगवून झालं आणि मग छपरावर एक क्रूस ठेवला, असं केलं की तो क्रूस सजावट होऊन बसतो. म्हणून सुरुवात वचनापासून करा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळ आहे, हिरवी कुरणं आणि शांत पाणी आहे. ते घेतलंत तर चित्रात पाणी हवं, आणि ते संथ हवं. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात देवाचं वचन पावलांसाठी दिवा आणि वाटेवरचा प्रकाश आहे. ते घेतलंत तर चित्राचा नायक घर नाही, वाट आहे, आणि उजेड वाटेवर पडायला हवा. मत्तयच्या पाचव्या अध्यायात दिवा मापाखाली न झाकता दिवठणीवर ठेवायला सांगितलं आहे. तिथे मग एकच खिडकी, पण उंचावरची आणि दुरून दिसणारी.

विल्यम होलमन हंटचं ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’ (१८५१-५३) पाहा. ते ऑक्सफर्डच्या केबल कॉलेजात आहे. हातात कंदील घेतलेला येशू रात्री एका दारावर थाप मारतोय. दारावर रानवेली माजल्या आहेत आणि बाहेरच्या बाजूला कडी-मूठ काहीच नाही. ते दार आतूनच उघडावं लागतं. बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातलं ‘मी दाराशी उभा आहे आणि ठोठावत आहे’ हे वचन चित्रकाराने दाराच्या एका तपशिलात आणून ठेवलंय. आपल्यालाही एवढंच करायचं आहे, वचनाला एक वस्तू द्यायची : उघडं राहिलेलं फाटक, खिडकीतला दिवा, ओढ्यावरचा पूल. एका चित्रात एकच. चर्चचा मनोरा घ्यायचा असेल तर तो दूर, लहान आणि धुक्यात अर्धा बुडालेला असू द्या. पामरच्या चित्रात चर्चचा मनोरा झाडांच्या नि टेकड्यांच्या आकारांशी एकजीव झालेला दिसतो, म्हणूनच तो मनात राहतो.

तुमची श्रद्धा वेगळी असेल, किंवा नसेलही, तरी हा टप्पा गाळू नका. घरात कोण आहे आणि ते कुणाची वाट बघतंय, हे ठरल्याशिवाय कोणत्या खिडकीत किती उजेड द्यायचा ते ठरत नाही.

साहित्य

पहिल्या चित्रासाठी १२ × १६ इंचांचा कॅनव्हास पुरे. त्याहून लहान घेतलात तर खिडक्या इतक्या बारीक होतात की त्यात रंगाचे थर देता येत नाहीत.

रंग आठच घ्या : टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन ब्लू आणि व्हिरिडियन. अस्सल कॅडमियम महाग असतं, सरावाला ‘ह्यू’ लिहिलेली, म्हणजे तशाच दिसणाऱ्या पर्यायी रंगाची, ट्यूब चालते. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनच्या छोट्या ट्यूब शिकण्यासाठी उत्तम आहेत. काळा रंग घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून येणारा काळा जास्त जिवंत असतो, आणि तो गरम किंवा थंड बाजूला झुकवताही येतो.

ब्रश : डुकराच्या केसांचे चपटे ८, ६ आणि ४ नंबर, मऊ सिंथेटिकचे गोल २ आणि ०, फांद्यांसाठी लांब केसांचा एक लायनर, आणि आकाश मिसळायला एक रुंद मऊ ब्रश. सोबत जवसाचं तेल, टर्पेंटाइन आणि जुन्या सुती चिंध्या.

चिंध्यांबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तेल हवेशी संयोग पावताना उष्णता साठत जाते आणि तो आपोआप पेट घेऊ शकतो. काम संपलं की चिंध्या एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेवा, आणि कॅडमियमचा ब्रश टोक काढण्यासाठी कधीही ओठांत धरू नका.

ॲक्रिलिकने काम करणाऱ्यांना हेच टप्पे लागू पडतात. फक्त आकाश भराभर मिसळावं लागतं आणि ग्लेझसाठी, म्हणजे शेवटच्या पातळ पारदर्शक थरासाठी, तेलाऐवजी ॲक्रिलिक ग्लेझिंग मीडियम घ्यावं लागतं.

वेळ ठरवणं

या चित्रांची वेळ ठरलेली असते : सूर्य मावळून गेलाय, पण आकाशात अजून उजेड आहे. दिवसा खिडकी काळी दिसते. रात्री खिडकी दिसते, पण घर दिसत नाही. दोन्ही एकदम दिसण्याची वेळ थोडकीच असते. महाराष्ट्रात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे आपली दिवेलागण जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. दक्षिण इंग्लंडमध्ये जूनमध्ये तीच वेळ पाऊण तासापर्यंत रेंगाळते. तिकडच्या चित्रांत संधिप्रकाशाला एवढा मान असण्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

चित्र इंग्लंडच्या कॉटेजचं असलं तरी अभ्यास आपल्या दाराशी होतो. एखाद्या संध्याकाळी समोरच्या घराकडे बघत बसा. आकाश आणि खिडकी यांचा उजेड सारखा होतो तो क्षण पकडा, आणि त्यानंतर लगेच खिडकी जिंकते तोही. चित्र त्या दुसऱ्या क्षणाचं करायचं. आणखी एक गोष्ट दिसेल. अंधारू लागलं की तांबडी फुलं सर्वांत आधी काळवंडतात, पांढरी आणि निळसर फुलं मात्र उजळ वाटू लागतात. मंद प्रकाशात आपली नजर निळ्या बाजूला झुकते, म्हणून असं होतं. बाग रंगवताना हे निरीक्षण कामी येईल.

छोटे आराखडे

काड्याच्या पेटीएवढ्या चार-पाच चौकटी काढा आणि मऊ पेन्सिलीने फक्त तीन छटा भरा : गडद, मध्यम, उजळ. तपशील अजिबात नको. घर मधोमध न ठेवता एका बाजूला, साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. पुढचा खालचा भाग आणि दोन्ही कोपरे गडद, आकाशाचा क्षितिजाजवळचा पट्टा उजळ, घर मध्यम. खिडकीची जागा कोरा कागद सोडा.

आता डोळे किलकिले करून पाहा. पाचांपैकी ज्या चौकटीत खिडकी आपणहून पुढे येते तीच निवडा. मनात १ ते १० अशी पट्टी धरा, १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा. पुढची झुडपं २, छप्पर ३-४, भिंत ४-५, वाट ५-६, क्षितिजाजवळचं आकाश ७. आठ ते दहा फक्त खिडक्यांसाठी राखून ठेवा. आकाश सुंदर झालं म्हणून त्याला नऊपर्यंत चढवलंत की घरातला दिवा विझला म्हणून समजा.

घराचा सांगाडा

कॉटेज कल्पनेने काढलं की ते केकवरचं घर होतं. खऱ्या घराची बांधणी समजून घ्या. इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड भागातली घरं मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या दगडाची असतात आणि छपरावरही दगडाच्याच चकत्या असतात. या चकत्या एकसारख्या नसतात. वळचणीशी मोठ्या, आणि वर आढ्याकडे जाता जाता लहान होत जातात. एवढं एक बरोबर काढलंत तरी छप्पर खरं वाटायला लागतं. तिथल्या बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ या अभ्यासासाठी पाहण्यासारखी आहे. चौदाव्या शतकात लोकरीच्या कोठारासाठी उभी राहिलेली ही इमारत सतराव्या शतकात विणकरांची घरं झाली.

गवती छप्पर काढायचं तर उतार तीव्र हवा, ५० अंशांच्या आसपास, नाहीतर पाणी आत झिरपेल. गवताचा थर जाड असतो, म्हणून कडेला फूटभर जाडी दिसली पाहिजे, आणि तिच्याखाली भिंतीवर गडद सावलीचा पट्टा. माळ्याच्या खिडकीवर गवत भुवईसारखं वळून जातं.

यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) द्विबिंदूचं घ्या, म्हणजे घराचा कोपरा आपल्याकडे आणि दोन भिंती दोन बाजूंना मागे गेलेल्या. क्षितिजरेषा पायवाटेवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. त्यासाठी गणित करत बसू नका. दारात एक माणूस उभा आहे असं समजा आणि त्याच्या डोळ्यांतून रेषा काढा. जमीन सपाट असेल तर ती बरोबर येते. आढ्याला मध्ये किंचित झोळ द्या. जुनी लाकडं वाकतात, आणि त्या झोळात घराचं वय दिसतं.

वाट

पायवाट चित्राच्या खालच्या कडेपासून निघते, पण अगदी कोपऱ्यातून नाही, कोपऱ्यातून निघालेली वाट नजर बाहेर ओढते. ती एकदा वळू द्या, पुन्हा वळू द्या, आणि दाराशीच पोहोचवा. भिंतीत घुसणाऱ्या वाटा या प्रकारच्या चित्रांत नेहमी दिसतात, पेन्सिलीने शेवटपर्यंत रेषा नेऊन खात्री करा. पहिल्या वळणाला वाट रुंद, दुसऱ्याला निम्म्याहून कमी. फरसबंदीच्या फरशा दूर जातील तशा चपट्या होत जातात, नुसत्या लहान नाही.

वाटेत फाटक असेल तर ते उघडं ठेवा. बंद फाटकाशी नजर अडते आणि बघणारा बाहेरच राहतो.

पहिला हात

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात करू नका. बर्न्ट सिएना भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे लावा आणि चिंधीने पुसून घ्या. उरलेली तांबूस झाक पुढे जागोजागी झिरपत राहते आणि सगळ्या चित्राला एक ऊब देते. ती वाळली की बर्न्ट अंबरने आराखडा उतरवा.

मग मोठ्या ब्रशने गडद आकार भरा : झाडांचे पुंजके, छप्पर, पुढची झुडपं. रंग पातळ, टर्पेंटाइनचा. तैलचित्रात खालचे थर पातळ आणि कोरडे, वरचे थर अधिक तेलाचे ठेवावे लागतात. उलट झालं की वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि पुढे भेगा पडतात. अंबर लवकर वाळतो, क्रिमझन फार सावकाश, म्हणून या पहिल्या थरात अंबर सढळ वापरा.

या टप्प्याला मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. आराखड्यातल्या तीन छटा इथेही तशाच दिसायला हव्यात. दिसत नसतील तर आत्ताच दुरुस्त करा, पुढे फार जड जातं.

आकाश, झाडं, धूर

क्षितिजाशी पांढरा, यलो ऑकर आणि किंचित कॅडमियम यलो. त्याच्या वर गुलाबी, म्हणजे पांढऱ्यात थोडंसं क्रिमझन. त्याच्या वर जांभळट, आणि सर्वांत वर अल्ट्रामरीन अंबरने मंद केलेला. पिवळा आणि निळा थेट एकमेकांना लागले की हिरवा होतो, त्यांच्यामध्ये गुलाबी पट्टा हवाच. कोरड्या मऊ ब्रशने फुल्यांसारखे हलके फटकारे मारत पट्टे एकमेकांत मिसळा आणि वेळेत थांबा. जास्त घोटलेलं आकाश मेणचट दिसतं.

दूरच्या टेकड्या आणि झाडं त्याच आकाशाच्या रंगात थोडा निळा-जांभळा घालून रंगवा, म्हणजे त्यांच्यात धुकं आपोआप येतं. जवळच्या झाडांचा हिरवा ट्यूबमधून थेट घेऊ नका. व्हिरिडियनमध्ये बर्न्ट सिएना घाला, तो शांत होतो. झाड म्हणजे आधी एक गडद आकार, त्यात आकाशाची दोन-चार छिद्रं, आणि पानं फक्त कडेला.

धुराकडे लक्ष द्या. गडद झाडांसमोरून जाणारा धूर निळसर आणि उजळ दिसतो, तोच धूर वर जाऊन उजळ आकाशासमोर आला की तपकिरी आणि गडद होतो. एकाच रेषेत हा बदल दाखवलात तर लहानशा धुराने चित्रातली हवा खरी होते. धुराची दिशा आणि ढगांचा कल जुळवून घ्या.

इथे कॅनव्हास आठवडाभर बाजूला ठेवा. उन्हाळ्यात कमी पुरेल, पावसाळ्यात जास्त लागेल. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, त्यामुळे दमट, कोंदट खोलीत तो रेंगाळतो.

खिडक्या

आता चित्राचा गाभा. घाई नको, आणि हाताला टेकू घ्या.

खिडकीच्या आधी भिंत. खिडकीभोवतीची भिंत तुम्हाला वाटते त्यापेक्षा एक छटा गडद करा, आणि रंग थंड ठेवा : यलो ऑकरमध्ये अल्ट्रामरीन आणि थोडं क्रिमझन. दगड मधाच्या रंगाचा असला तरी संध्याकाळच्या सावलीत तो जांभळट राखाडीच दिसतो. पिवळ्याच्या शेजारी हा जांभळा आला की अर्धं काम झालं.

पहिला थर : खिडकीची पूर्ण चौकट बर्न्ट सिएना आणि क्रिमझनने भरा. ती पेटत्या निखाऱ्यासारखी गडद तांबडी दिसली पाहिजे. एवढ्यावर थांबून वाळू द्या.

दुसरा थर : कडेला तांबडी किनार सोडून आत नारिंगी, म्हणजे कॅडमियम यलोमध्ये थोडं क्रिमझन. किनार एकसारखी नको, वरच्या कोपऱ्यांत जास्त, खाली कमी.

तिसरा : नारिंगीच्या आत शुद्ध कॅडमियम यलो, ओल्यावर ओला, म्हणजे नारिंगी वाळण्याआधीच, कडा बोटाने हलक्या पुसून.

चौथा : पांढऱ्यात पिवळ्याचा अंश घालून एकच जाड ठिपका. हा चित्रातला दहा नंबर. तो मधोमध नको. दिवा टेबलावर असतो, म्हणून ठिपका खाली आणि एका बाजूला. इथे रंग इतका जाड असू द्या की खोलीतला खरा प्रकाशही त्या उंचवट्यावर पडेल.

गज आणि चौकटीच्या पट्ट्या सर्वांत शेवटी, लायनरने. त्या काळ्या काढू नका. कडेला गडद तपकिरी, आत येता येता तांबूस, आणि पांढऱ्या ठिपक्यासमोर आल्या की जवळजवळ नाहीशा. झगझगीत उजेडासमोरची बारीक वस्तू डोळ्याला पुसट होत जाते. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेलं ‘ग्लो ऑफ होप’ आठवा. दिव्याच्या ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं तांबडी होऊन जातात आणि तिथून चेहऱ्यापर्यंत उजेड उतरत्या छटांत पसरतो. ते जलरंगात आहे, साधन वेगळं, पण उजेड कडेला आधी लाल होतो आणि मग विझतो, हे त्याहून नीट कुठे शिकायला मिळणार?

मग उजेड बाहेर आणा. खिडकीच्या तळकठड्यावर एक नारिंगी रेघ, वेलीच्या दोन-चार पानांच्या आतल्या कडा, वळचणीचा खालचा भाग. जमिनीवर उजेडाचा चौकोन तिरका पडतो, घराजवळ त्याच्या कडा रेखीव असतात आणि दूर जाता जाता विरतात. वाट ओली दाखवायची असेल तर पिवळा सरळ खाली ओढा आणि कोरड्या ब्रशने एकदाच आडवा पुसा.

किंकेडच्या घरांना आतून आग लागलीय असं वाटतं, अशी टीका त्याच्यावर झाली आहे, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. सगळ्या खिडक्या सारख्याच पेटवल्या की खरंच तसं होतं. म्हणून स्वयंपाकघराची खिडकी चुलीच्या उजेडाची, जास्त तांबडी. बैठकीची सर्वांत उजळ. माळ्याची मंद, मेणबत्तीएवढी. आणि एक खिडकी अंधारी ठेवा, तिच्या काचेत फक्त आकाशाची निळी झाक. त्या एका अंधाऱ्या खिडकीमुळे बाकीच्या खोल्यांत माणसं आहेत असं वाटायला लागतं.

बाग

फुलं ठिपके मारून येत नाहीत. आधी गडद हिरवा-जांभळा पुंजका, त्यावर मध्यम हिरवा, आणि शेवटी फुलांचे मोजके उजळ फटकारे, तेही पुंजक्याच्या एकाच बाजूला. हॉलिहॉक, फॉक्सग्लव्ह, डेल्फिनियम, लॅव्हेंडर आणि गुलाब या इंग्लिश कॉटेज बागेतल्या ठरलेल्या गोष्टी. ऋतू मात्र सांभाळा. डॅफोडिल मार्च-एप्रिलचं, हॉलिहॉक जुलै-ऑगस्टचं, दोन्ही एका चित्रात आली की तिथल्या माणसाला ते लगेच खटकतं. संध्याकाळ असल्यामुळे लाल गुलाब गडद क्रिमझनमध्ये बुडवा आणि चमक पांढऱ्या नि फिकट जांभळ्या फुलांना द्या. खिडकीच्या उजेडात येणाऱ्या फुलांनाच गरम रंग मिळतो, बाकी सगळी थंड.

ग्लेझ

सगळं वाळल्यावर, कोपऱ्यात नख टेकवून खात्री झाल्यावर, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन सारख्या प्रमाणात घेऊन त्यात अल्ट्रामरीन आणि किंचित क्रिमझन कालवा. चहाच्या पाण्याइतका पारदर्शक झाला पाहिजे. हा थर पुढच्या कोपऱ्यांवर, झाडांच्या बुंध्यांशी आणि छपराच्या अंधाऱ्या पाख्यावर द्या. खालचे तपशील दिसत राहतात, पण अंधारात मागे सरकतात, आणि खिडकीला हात न लावता खिडकी उजळते. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत आनंदाचा भाग आहे.

खिडकीभोवतीचं तेजोवलय मात्र अगदी जपून : बर्न्ट सिएनात पिवळ्याची झाक, भरपूर तेल, आणि कोरड्या ब्रशने कडा विरवून टाकायच्या. वलय वेगळं दिसायला लागलं की चिंधीने पुसून पुन्हा करा.

वचनाचा संदर्भ सहीशेजारी बारीक अक्षरांत, आसपासच्या रंगाहून एकच छटा उजळ लिहा. ज्याला शोधायचं असेल त्याला तो सापडेल.

वाळवणं आणि भिंतीवर लावणं

चित्र अंधाऱ्या कपाटात ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. हवेशीर, उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या खोलीत ठेवा. वॉर्निश सहा महिन्यांनी, जाड थर असतील तर वर्षाने. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते, म्हणून ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका, आणि फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहते. अलिझरिन क्रिमझन उन्हाने उडतो, त्यामुळे खिडकीसमोरची भिंतही टाळा. दिवा पिवळसर, २७०० केल्विनच्या आसपासचा घ्या आणि शक्य असेल तर मंद करता येणारा. किंकेडची चित्रं विकणाऱ्या दालनांत गिऱ्हाइकासमोर दिवे हळूहळू मंद करून दाखवत. प्रकाश कमी झाला की गडद भाग अंधारात जातात आणि उजळ भाग शेवटपर्यंत टिकतात, म्हणून खिडक्या आतून पेटल्यासारख्या वाटतात. छटा बरोबर लागल्या आहेत की नाही, याची परीक्षाही संध्याकाळी घरातले दिवे लावण्यापूर्वी अशीच घ्या.